काजळीच्या काचेवरची मोकळी जागा

गाडी दुपारची होती. अकोला स्टेशनवर मला पोचवायला दोघंच आले होते, माय आणि बाबा. अमरावतीहून पाठक सरही येणार म्हणत होते. "आपला विद्यार्थी कॅनडाला धर्माचा अभ्यास करायला निघाला आहे आणि मी फलाटावर नको?" असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि मी दोनदा काहीतरी सबब काढून त्यांना अडवलं. का अडवलं ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

मायने डब्याच्या खिडकीतून तिळाच्या चटणीचा डबा आत दिला आणि म्हणाली, "कानाले बांधत जाय बाप्पा. तिकडची थंडी हाडात शिरते म्हनते." कोण म्हणते ते तिलाही ठाऊक नव्हतं. कॅनडा हे नाव तिने आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं आणि बार्शीटाकळीत सगळ्यांना "मुंबईच्या पुढं हाये" असं सांगून ठेवलं होतं.

बाबांनी बुशशर्टच्या खिशातून जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली एक चपटी वस्तू काढली. तळहाताएवढी असेल. "काच हाये. फुटू देऊ नको," ते म्हणाले. "आन तिथं पोचल्याबिगर खोलू नको." गाडी हलली तेव्हा माय रडत होती, मी रडत होतो, आणि बाबा माझ्या डब्याच्या चाकांकडे बघत होते. कुठलंही यंत्र सुरू झालं की ते नीट चाललं आहे की नाही हे आधी बघायचं, माणसं नंतर. ही त्यांची सवय होती.

ही गोष्ट चौसष्ट सालची. तुमच्यापैकी जे बार्शीटाकळीत, अकोल्यात, अमरावतीत राहिले त्यांना माझे बाबा श्रावण मिस्त्री म्हणून आठवत असतील. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्या मुलांना मात्र टूरिंग टॉकीज म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. मोठा तंबू, एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला पत्र्याची केबिन, मध्ये जमिनीवर बसलेलं अख्खं गाव. दिवाळी झाली की तंबू निघायचा आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत गावोगाव, बाजाराबाजाराने फिरायचा. त्या पत्र्याच्या केबिनमध्ये बाबा मशीन चालवायचे. कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ज्योतीवर ते मशीन चालायचं. केबिनमध्ये इतकं उकडायचं की बाबा वर्षातले आठ महिने अंगात बंडी घालूनच काम करत.

मशीनशेजारी काचेवरचं चित्र किंवा अक्षर पडद्यावर टाकणारा एक लहान कंदील असे. काच दिव्यावर धरून काळी करायची, सुईने त्यावर अक्षरं कोरायची, वरून दुसरी काच ठेवून कडेने कागदी पट्टी चिकटवायची. मग पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं उमटत: 'शांत राहा', 'मध्यंतर', 'मूल हरवले आहे, केबिनजवळ यावे'. बाबा शिकले चौथीपर्यंत, पण त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. बोलायचे वऱ्हाडी, कोरायचे मात्र पुस्तकातली मराठी. माझं पहिलं वाचन पाटीवर झालं नाही, पडद्यावर झालं.

या काचांमध्ये एक काच वेगळी होती. पौराणिक सिनेमा लागला की पडद्यावर देव प्रकट व्हायचा आणि लोक उठून उभे राहायचे. बायका आरतीची ताटं घेऊन आलेल्या असत. कोणी नारळ घेऊन पडद्याकडे धावे. पण सिनेमातला देव थांबत नाही. नारळ फुटायच्या आत तो जंगलात गेलेला असायचा आणि नारळ फुटायचा राक्षसापुढे. फिल्म मध्येच थांबवली तर ज्योतीच्या उष्णतेने ती जळते. म्हणून बाबांनी स्वतःच्या डोक्याने एक युक्ती काढली होती. देव प्रकट झाला की ते मशीन बंद करत आणि कंदिलात त्याच देवाच्या चित्राची काच सरकवत. लोकांचं दर्शन होई, आरती होई, नारळ फुटे, आणि मग सिनेमा पुढे. आजूबाजूच्या गावांत या 'दर्शनाच्या काचे'साठी आमच्या तंबूला गर्दी व्हायची. पुढे मी पडद्यापुढच्या त्या नारळावर एक निबंध लिहिला. परीक्षकाने तो परत पाठवला आणि शेरा मारला की हे मनोरंजन आहे, धर्म नव्हे. बिचाऱ्याने कधी नारळ फोडला नसावा.

छप्पन साली दसऱ्यानंतर आमच्या घरानेही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मायने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले आणि परत येताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी सोळा वर्षांचा होतो आणि सोळाव्या वर्षी माणूस जितका कडवा असतो तितका होतो. त्याच हंगामात तंबूत नवा पौराणिक सिनेमा आला. वस्तीतले लोक बाबांना विचारू लागले, "कावून श्रावणदादा, आता बी देवाची काच लावतं का?" मला तर तोंड दाखवायची लाज वाटू लागली. मी बाबांना म्हणालो की हे खोटं आहे, घरात देव नाही आणि तंबूत देव दाखवता.

बाबा तेव्हा कांड्या पुसत होते. पुसत पुसतच म्हणाले, "भाकर दुसऱ्याची, भूक दुसऱ्याची. तुले चूल पेटवाले ठेवलं तं चूल नीट पेटवशीन का नाई?" मी म्हणालो, चूल वेगळी आणि देव वेगळा. ते म्हणाले, "मी हात जोडत नाई, पाह्य तू. पन ज्याले पाहाचं हाये त्याले नीट दिसलं पायजे." आणि खरंच, त्या हंगामापासून काच सरकवताना त्यांनी हात जोडणं बंद केलं, पण काच सरकवणं बंद केलं नाही. मला ते पळवाट काढल्यासारखं वाटलं. आज माझ्या डिपार्टमेंटमध्ये पहिल्या वर्षाला हाच प्रश्न शिकवायला आम्ही एक अख्खं सत्र घेतो: ज्या श्रद्धेत आपण नाही, ती दुसऱ्याला प्रामाणिकपणे कशी दाखवायची? परीक्षाही घेतो. बाबांइतकं सरळ उत्तर अजून एकाही पेपरात वाचलेलं नाही.

मग मी अमरावतीला कॉलेजात गेलो. हॉस्टेलमध्ये कोणाचे वडील मामलेदार, कोणाचे वकील. मी कोणत्या वस्तीतला ते सगळ्यांना ठाऊक होतं, ते लपवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याची लाज बाबांनी मला कधी वाटूच दिली नव्हती. लाज वाटली ती तंबूची. नुसत्या बंडीत काम करणाऱ्या, बाजाराबाजाराने फिरणाऱ्या माणसाची. पाठक सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "अकोल्याला यंत्रांचे इंजिनिअर आहेत." माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की क्षणभर मलाच खरं वाटलं.

पाठक सर पुण्याचे. तत्त्वज्ञान शिकवायचे आणि त्यातही धर्मांचा तौलनिक अभ्यास त्यांचा जीव की प्राण. अमरावतीत बारा वर्षं काढूनही त्यांना वऱ्हाडी कळत नसे, कोणी "काय करून राहिले सर?" म्हटलं की ते अजूनही दचकायचे. रागीट असे की खडूचा तुकडा नेम धरून मारत. पण वाचन अफाट, आणि मन त्याहून मोठं. स्वतःची पुस्तकं मला हॉस्टेलवर आणून देत. संध्याकाळी घरी बोलावून पाली शिकवत आणि मी निघालो की पत्नीला सांगत, "याला उपाशी धाडू नका, हा एका बैठकीत वीस गाथा पाठ करतो." माझ्यात काही आहे हे घराबाहेरच्या ज्या पहिल्या माणसाने पाहिलं, ते हे. म्हणूनच त्यांच्याशी बोललेलं खोटं मला सर्वात जड गेलं.

मी तिसऱ्या वर्षाला असताना सरांनी खटपट करून कॉलेजसाठी काचा दाखवायचा एक मोठा विलायती कंदील आणवला. लेण्यांच्या, मूर्तींच्या छायाचित्रांच्या साठ काचा त्याबरोबर होत्या. 'भारतातील धर्म आणि मूर्ती' असं व्याख्यान जाहीर झालं. गावातली प्रतिष्ठित मंडळी बोलावली. आणि आदल्या दिवशी कळलं की तो कंदील कॉलेजात कोणालाच चालवता येत नाही. फिजिक्सच्या सरांनी हात लावला, तर दिवा दोनदा पेटला आणि दोनदा विझला. तेव्हा कॉलेजचा शिपाई म्हणाला, "साहेब, बडनेऱ्याले तंबू लागला हाये. तिथचा मिस्त्री लय हुशार हाये. त्याले आना."

मी तिथेच उभा होतो. बडनेऱ्याला आमचाच तंबू लागला होता.

बाबा आले ते धुतलेला सदरा घालून आले. केस पाण्याने बसवलेले. हॉलच्या दारात आम्ही समोरासमोर आलो आणि त्यांचा चेहरा फुलला. ते काही बोलणार एवढ्यात सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, हा आमचा नामदेव, सर्वात हुशार विद्यार्थी. काही लागलं तर याला सांगा. याचे वडील अकोल्याला इंजिनिअर आहेत, यंत्रांचं याला कळत असेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, काच बदलायला लागतो तेवढाच. मग सरांकडे वळून म्हणाले, "असं! मोठं काम हाये जी ते." आणि कंदिलाकडे गेले. मला वाटलं जमीन दुभंगावी. जमीन दुभंगली नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

दहा मिनिटांत त्यांनी कंदील चालू केला. विलायती यंत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. नुसतं चारी बाजूंनी फिरून पाहिलं, कान लावला, भिंगावर फुंकर मारली, एक तार काढून पुन्हा लावली. फिजिक्सचे सर वही काढून लिहून घेऊ लागले.

व्याख्यान सुरू झालं. सर पडद्याजवळ छडी घेऊन उभे. छडी जमिनीवर ठोकली की पुढची काच, असं ठरलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, प्राध्यापक. मागे बाकांवर विद्यार्थी. त्यांच्याही मागे भिंतीशी शिपाई, माळी, त्यांच्या बायका उभ्या. लेण्यांमधल्या कमानी आणि खांब भराभर गेले. मग पहिली मूर्ती आली, शेषशायी विष्णू. सरांनी दोन वाक्यं सांगितली आणि छडी ठोकली. काच हलली नाही. सरांनी पुन्हा ठोकली. विष्णू जागचा हलेना. सरांचा आवाज चढला, "मिस्त्री! पुढची!"

आणि मागून, अंधारातून, माझ्या बाबांचा शांत आवाज आला, "साहेब, लोकायचं पाहनं व्हाचं हाये अजून."

खुर्च्या हसल्या. विद्यार्थी तर खिंकाळले. मीही हसलो. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण लिहितो. मीही हसलो. बाबांना वाटलं होतं की इथेही तंबूसारखंच असतं, देव आला की थांबायचं. इतक्या शिकलेल्या लोकांत देवाला एका ठोक्यात पळवतात हे त्यांना कसं ठाऊक असणार?

सर चिडून मागे बघायला वळले आणि तसेच थांबले. त्यांच्या बाजूने त्यांना जे दिसत होतं ते आम्हाला नंतर दिसलं. भिंतीशी उभ्या असलेल्या लोकांनी चपला काढल्या होत्या. माळ्याची बायको पदर पसरून उभी होती. पुढच्या खुर्च्यांत एका वकिलांच्या म्हाताऱ्या आई होत्या, त्यांचेही हात जोडलेले होते. सरांनी छडी खाली ठेवली. त्यानंतर साठ काचा होईपर्यंत त्यांनी ती उचलली नाही. बाबा काच बदलत आणि सर तिच्यावर बोलत.

मी मात्र वेगळंच बघत होतो. एकेक मूर्ती येत होती: विष्णू, देवी, जैन तीर्थंकर, आणि मग अजिंठ्याचा बुद्ध. मी मनात आकडे म्हणत होतो. माझ्या बाबांनी आपल्या बुद्धाला एक क्षण जास्त दिला नाही, आणि सोडून दिलेल्या विष्णूला एक क्षण कमी दिला नाही. हसू माझ्या तोंडावरून कधी गेलं ते कळलं नाही. पुढे मी मोठमोठ्या विद्यापीठांतले नामांकित पंडित ऐकले. निःपक्षपातीपणावर जाड ग्रंथ लिहिणारेही स्वतःच्या धर्माचं पान उघडलं की दोन मिनिटं जास्त घेतात. मीही घेतो.

व्याख्यान संपल्यावर सरांनी विचारलं, "मिस्त्री, काच कधी बदलायची हे तुम्ही ठरवता कसं?"

"मानेवरून जी," बाबा म्हणाले. "मी मांगं असतो ना. मले कोनाचं तोंड दिसत नाई, नुसत्या माना दिसते. मानूस पाहून राह्यला असला का मान थिर असते. पाहनं झालं का हालते. साऱ्या माना हालल्या का बदलाची."

"आणि तुम्ही स्वतः? तुम्ही मानता का हे देव?"

"नाई जी. आमी छप्पनले सोडले. मी फक्त उजेड धरतो."

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "नामदेव, हे लिहून ठेव. वडिलांनाही सांग. इंजिनिअर माणसाला हे आवडेल." बाबा कंदील पुसता पुसता म्हणाले, "हो जी. इंजिनिअर लोकायले समजते हे."

मी त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत तेच बोलले, "इंजिनिअर केलं तं बूट तरी घेऊन द्याचे व्हते बापाले. वाहानीवरच आलो मी." आणि हसले. खरंखुरं हसले, टोमणा नव्हता तो. त्यांनी ओरडावं, थोबाडीत मारावी असं मला वाटत होतं. टांगा हलताना म्हणाले, "तुया सर चांगला मानूस हाये. त्याले सोडू नको."

त्या वर्षी सर बडनेऱ्याला आणि पुढे तंबू जाईल तिथे चार-पाच वेळा जाऊन आले. धोतर, कोट, टोपी अशा थाटात पत्र्याच्या केबिनमध्ये स्टुलावर बसायचे आणि बाबांकडून काच काजळायला शिकायचे. बोटं काळी करून परत येत. त्यांचं शिकवणंच बदललं. वर्गात आधी चित्र दाखवत, कोणालाही वहीला हात लावू देत नसत, स्वतः मागे जाऊन उभे राहत आणि आमच्या माना बघत. पुण्याच्या माणसाने बडनेऱ्याच्या तंबूत जाऊन शिकावं, यातला मोठेपणा मला तेव्हा दिसला नाही. मी आपला प्रत्येक वेळी जीव मुठीत धरून, आज बिंग फुटतं की उद्या, याच चिंतेत. बाबांनी कधी फुटू दिलं नाही. पावसाळ्यात ते घरी असताना मी एकदा विषय काढला, तेव्हा म्हणाले, "मशीन गरम असलं का हात लावू नाई. थंडं होऊ दे." आठ वर्षं लागली मला त्या खोट्याला हात लावायला, असा हा माझा मंदपणा.

चौसष्ट साली सरांच्या शिफारशीवर मला कॅनडाची शिष्यवृत्ती मिळाली. शिफारसपत्रात त्यांनी मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं की हा एका इंजिनिअरचा मुलगा आहे. ते मी वाचलं आणि घडी घालून पाकिटात ठेवलं. म्हणून सरांना फलाटावर येऊ दिलं नाही.

इथे पोचलो तेव्हा सगळं पांढरं होतं. मायचं खरं निघालं, कानाला बांधावंच लागलं. खोलीत गेल्यावर पहिलं काम केलं ते चिंधी सोडायचं. काजळीची काच होती, शाबूत. ती टेबलावरच्या दिव्यासमोर धरली. बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरांत होतं:

'प्राध्यापक नामदेव'

आणि मग चांगली दोन बोटं मोकळी, काळीभोर जागा. त्यानंतर 'शिरसाट बोलणार आहेत. शांत राहा.'

मला वाटलं विसरले. इतकी वर्षं काचा कोरणारा माणूस मधलं नाव विसरला. मग काच हातात फिरवली तेव्हा दिसलं की कागदी पट्टी तीनच कडांना चिकटवलेली आहे. चौथी कड उघडी. आतली काच बाहेर काढता यावी अशी. आणि चिंधीच्या टोकाला एक सुई टोचलेली होती.

आपल्याकडे माणसाचं नाव बापाच्या नावाशिवाय पुरं होत नाही. शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेत, मयताच्या बातमीत, कुठेही. माझ्या बापाने माझं नाव कोरताना स्वतःची जागा रिकामी सोडली होती. लिहायचं की नाही ते माझ्यावर ठेवलं होतं, आणि लिहावंसं वाटलंच तर अडायला नको म्हणून सुईही दिली होती. त्या परक्या खोलीत मी लहान पोरासारखा रडलो.

तरी सुई लगेच उचलली नाही, हेही सांगतो. इथे मधल्या नावाची गरजच नव्हती. दारावरच्या पाटीवर, पगाराच्या पाकिटावर, सगळीकडे मी 'एन. शिरसाट'. कोणी विचारत नव्हतं, आणि न विचारणाऱ्या देशात खोटं फार आरामात राहतं. चार वर्षं ती काच खणात पडून होती.

अडुसष्ट साली डॉक्टरेट झाली आणि माझं पहिलं जाहीर व्याख्यान ठरलं. आदल्या संध्याकाळी मी काच सरकवून बाहेर काढली आणि मधल्या काळ्या जागेत सुईने 'श्रावण' कोरलं. तीन अक्षरं. सुईने कोरायची सवय नव्हती, 'व' वाकडा आला. दुसऱ्या दिवशी हॉलमधल्या प्रोजेक्टरवर सगळ्यात आधी ती काच लावली. समोर दोनशे माणसं, देवनागरी एकालाही येत नव्हती. डीननी विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं की मधला शब्द माझ्या वडिलांचं नाव आहे, ते इंजिनिअर नाहीत, तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवतात, आणि मी आज जे सांगणार आहे ते सगळं त्यांच्याकडून शिकलो. मग हॉलच्या मागे जाऊन मशीनशेजारी उभा राहिलो आणि तिथूनच बोललो. लोक अवघडून मागे बघत होते. पहिली मूर्ती आली तेव्हा त्यांनी तोंडं पुढे वळवली, आणि मला माना दिसायला लागल्या.

दोन पत्रं लिहिली, एक सरांना, एक बाबांना. सरांचं उत्तर आधी आलं. पहिलं अख्खं पान रागाचं होतं, खडू मारल्यासारखं. दुसऱ्या पानावर एवढंच होतं: 'तुझ्यावर रागावून झाल्यावर लक्षात आले की मी त्या गृहस्थांकडे वर्षभर शिकलो आणि त्यांना मिस्त्री म्हणत राहिलो. नाव मीही विचारले नाही. उद्याच्या गाडीने अकोल्याला जात आहे.' ते गेले. बार्शीटाकळीला आमच्या घरी जेवले. मायने वाढलेला ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते ठेच्याचंच होतं की कशाचं यावर आमच्या घरात नंतर बरीच वर्षं चर्चा चालली.

सर गेले, बाबा गेले, तंबू तर कधीच गेला. आता माझ्या वर्गात प्रोजेक्टर छताला टांगलेला असतो आणि त्याच्याशेजारी कोणीच नसतं. बटण दाबलं की देव बदलतो. मुलांच्या हातात फोन, त्यात हजार देव, अंगठ्याने सरकवायचे. मी यंत्रांना नावं ठेवत नाही, यंत्रावर जगलेल्या घरातला आहे. मुलं हुशार आहेत, सिनेमातल्या उडणाऱ्या वीरांवर इतके सुंदर निबंध लिहितात की मला माझा परत आलेला नारळ आठवतो आणि आनंद होतो. फक्त पहिल्या तासाला मी त्यांना सांगतो की मी पुढे उभा राहणार नाही. आणि मागे जाऊन उभा राहतो.

लोक विचारतात, घरची आठवण येते का? बार्शीटाकळीचं घर पुतण्याने पाडून सिमेंटचं बांधलं, छान बांधलं. तिथे गेलो की पाहुणा असतो, इथेही तसा पाहुणाच. पण वर्गात मागे, अंधारात उभा असतो, समोर पडद्यावर कोणाचा तरी देव असतो आणि तीस माना थिर असतात, तेव्हा मी घरी असतो. कार्बनचा वास तेवढा येत नाही.

बाबांचं उत्तर राहिलं. ते महिन्याभराने आलं, तीन ओळींचं. इंजिनिअर, तंबू, माफी, यातल्या कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. लिहिलं होतं: 'पत्र पोचले. माय बरी आहे. माहे नाव कोरले ते अक्षर मोठे काढले ना? मांगच्याले दिसले पायजे.'